बिगर पोत्याचं वजन

मी बॉक्सिंग खेळायचो असं सांगितलं की लोक आधी माझ्या नाकाकडे बघतात. नाक सरळ आहे. मग ते जरा हिरमुसतात, आणि मला त्यांना सांगावं लागतं की चांगल्या बॉक्सरचं नाक सरळच असतं, वाकडं झालेलं असतं ते समोरच्याचं. पुढे मी बरीच वर्षं खेळलो. राज्यात पहिला आलो, देशात पहिला आलो, त्याच जोरावर नोकरी लागली आणि शाळेतल्या मुलांना खेळ शिकवता शिकवता निवृत्त झालो. घरातल्या काचेच्या कपाटात पदकं आहेत. नातवंडं ती काढून दुकान-दुकान खेळतात. पण या प्रकरणात त्या पदकांपैकी एकाचीच गोष्ट आहे, आणि तीही खरं म्हणजे एका किलोची.

आम्ही मोताळ्याला राहायचो, बाजार समितीच्या मागच्या अंगाला, विहाराच्या गल्लीत, दोन खोल्यांत. माझे वडील नामदेव बाजार समितीत मापारी होते. शेतकऱ्यानं बैलगाडीतून ज्वारी, तूर, मूग आणायचा, हमालांनी पोती काट्यावर ठेवायची आणि बाबांनी वजन पुकारायचं. त्यांचा आवाज आमच्या अंगणापर्यंत यायचा. पहिल्या पोत्याला ते ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. माझी मोठी बहीण सुनीता आणि मी मोजायला शिकलो तेही तसंच, त्यामुळे पहिलीत गुरुजींनी अंक म्हणायला सांगितले तेव्हा मी ‘लाभ’पासून सुरुवात केली आणि वर्ग हसला. बाबा चौथी शिकलेले, पण त्यांच्या काट्यावर तालुक्याचा विश्वास होता. दुसरे मापारी आधी पोत्यासकट माल मोजायचे आणि मग तोंडी हिशेबानं पोत्यामागे एक किलो कापायचे. बाबांना तो तोंडी कारभार पसंत नव्हता. त्यांनी लोहाराकडून एक लहान लोखंडी चकती करून घेतली होती. ती काट्याच्या दांडीच्या टोकाला आकड्यात अडकवली की रिकाम्या पोत्याचं वजन आपोआप वजा व्हायचं, आणि दांडीवर दिसायचा तो निव्वळ माल. या चकतीचा त्यांना फार अभिमान होता. आमच्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी चकतीची गोष्ट व्हायची.

आमच्या गावात बॉक्सिंग आणलं ते तायडे सरांनी, आणि ते होते चित्रकलेचे शिक्षक. त्यांचे वडील भुसावळला रेल्वेत खलाशी होते. तिथल्या रेल्वे वसाहतीत एका म्हाताऱ्या इंजिन ड्रायव्हरनं सरांना लहानपणी ठोसे शिकवले होते. मोताळ्याला बदली होऊन आले तेव्हा त्यांच्या पेटीत रंगांच्या वड्या होत्या आणि त्यांच्याखाली ग्लोव्हजच्या दोन जोड्या. शाळेच्या मागे त्यांनी चार बांबू ठोकले, काथ्याचा दोर बांधला आणि त्याला रिंग म्हणायला आम्हाला शिकवलं. ठोसे मारायला कडुनिंबाला एक पोतं लटकवलं, त्यात सरकी आणि चिंध्या भरल्या. चिंध्या माझ्या मायच्या जुन्या लुगड्याच्या होत्या, म्हणून ती तिकडे फिरकत नसे. म्हणायची, “माह्यं लुगडं मार खाते, मले पाहवत नाई.” मला तर ती कधीच लढताना बघायला आली नाही. एकदा सर घरी आले तेव्हा तिनं चुलीपासूनच त्यांना धरलं.

“सर, पोट्ट्याच्या तोंडावर मारतेत अन् तुम्ही टाळ्या वाजवता म्हणे.”

“वहिनी, तो मारून घेत नाही. तो हुकवतो. हुकवणं हीच यातली कला आहे.”

“हुकवाचंच हाये तं जाते काऊन तिथं? घरीच बसला तं सारंच हुकते.”

सर हसतच बाहेर पडले. पुढे वर्षभर ते आम्हाला हाच विनोद सांगत राहिले.

मी बारावी झालो चव्वेचाळीस टक्क्यांनी. आमच्या सगळ्या नातेवाइकांत बारावीपर्यंत पोचलेला मी पहिला, त्यामुळे घरात पेढे वाटले गेले आणि ते टक्के किती कमी आहेत हे कोणाला कळलं नाही. मला कळलं होतं. अमरावतीच्या ज्या कॉलेजात मला बी.ए. करायचं होतं तिथे त्या टक्क्यांवर प्रवेश नव्हता आणि वसतिगृह तर नव्हतंच. सरांनी मात्र चौकशी करून आणली होती. तिथे खेळाडूंसाठी थोड्या जागा होत्या, पण राज्यात पहिला आलेल्यालाच. दुसरा आलेला रांगेत. म्हणजे नागपूरची राज्य स्पर्धा जिंकायची, नाहीतर बाबांच्या शेजारी पोती उचलायला लागायचं. बाबा म्हणाले, “उचलाले काई हरकत नाई. पण तू पुस्तक वाचत वाचत चालते. पोतं पाडशीन.” एवढंच म्हणाले. मग कॉलेजचं नाव पुन्हा विचारून घेतलं आणि शर्टाच्या खिशातल्या चिठ्ठीवर माझ्याकडून लिहून घेतलं.

माझा गट अठ्ठेचाळीस किलोचा. बुलढाण्याला जिल्हा स्पर्धा झाली तेव्हा वजनाचं यंत्र असं होतं की त्याची सुई कोणासाठीही पंचेचाळीसच्या पुढे सरकत नव्हती, त्यामुळे आम्ही सगळेच हलके निघालो. पण राज्याला तसं चालणार नव्हतं. तिथे एका ग्रॅमनंही जास्त भरलात तर बाहेर. स्पर्धेला तीन आठवडे होते आणि मी पन्नासच्या आसपास असणार असा सरांचा अंदाज होता. बाबा म्हणाले, वजनाची चिंता माझ्यावर सोडा. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, लिलाव संपले, हमाल पाणी पिऊन बिड्या ओढत बसले, की मी चड्डीवर काट्यावर उभा राहायचो आणि बाबा अगदी कामाच्या आवाजात पुकारायचे, “एकोणपन्नास सहाशे.” हमाल मान हलवायचे. “कमी कर बे मिल्या, भाव पडला तुह्या.”

आता वजन कमी करायचं म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. वाढवायचं कसं तेच सगळ्यांना माहीत होतं. सकाळी अर्धी भाकर, अंबाडीची भाजी, दुपारी पातळ वरण, रात्री काही नाही. रविवारी गल्लीत मटण शिजायचं आणि रश्श्याचा वास भिंतीवरून यायचा, तेव्हा मी कडुनिंबाखाली जाऊन पोत्याला बदडायचो. माझे त्या काळातले सगळ्यात जोरदार ठोसे रविवारचे होते. बाबांनी मला न सांगता रात्रीचं जेवण सोडलं होतं. सुनीता म्हणायची, “आता दोघंही उडून जातीन वाऱ्यानं.” आणि माय चोरून माझ्या अर्ध्या भाकरीच्या पोटात तूप लपवायची. मला ते कळायचं. भाकरीला एवढी चव येतच नाही. पण मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर ते बंद झालं असतं. आजही माझ्याकडे शिकायला येणारी मुलं वजन उतरवताना घरचं काहीतरी चोरून खातात, आणि मी बघूनही न बघितल्यासारखं करतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काट्याची दांडी मधोमध थरथरली आणि थांबली. बाबांनी दोनदा बघितलं. “अठ्ठेचाळीस. बिलकुल अठ्ठेचाळीस.” हमालांनी टाळ्या वाजवल्या.

मलकापूरहून आम्ही तिघं गाडीत बसलो. सर, बाबा आणि मी. बाबा कधी अकोल्याच्या पुढे गेले नव्हते. त्यांनी नवी टोपी घातली होती. गाडी शेगावला थांबली आणि कचोरीवाले डब्यात चढले. ज्यानं तीन आठवडे पोटभर खाल्लेलं नाही त्याच्या नाकाशी शेगावची कचोरी म्हणजे काय, हे मी लिहून सांगू शकत नाही. सरांनी एक घेतली, माझ्याकडे बघितलं आणि खिडकीकडे तोंड करून खाल्ली. बाबांनी घेतली नाही. कचोरीवाला म्हणाला, “घ्या ना बाबा, गरम हाये.” बाबा म्हणाले, “येतानी घेऊ.” आणि मायनं दिलेलं फडक्यातलं गाठोडं मांडीवर आणखी घट्ट धरलं. त्यात दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती आणि तुपाची बाटली होती. वजन झाल्यावर उघडायचं असं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनं झाली. एका मोठ्या हॉलमध्ये साठ-सत्तर पोरं चड्डीवर ओळीनं उभी, सगळ्यांच्या बरगड्या मोजता येतील अशा. समोर टेबल, टेबलाशी कागद घेतलेले अधिकारी आणि बाजूला अगदी बाबांच्या काट्यासारखाच दांडीचा काटा. बाबांना तो बघून बरं वाटलेलं दिसलं. माझा नंबर आला. मी चढलो. दांडी वर गेली आणि खाली येईना. अधिकाऱ्यानं दांडीवरची वजनाची गुंडी सरकवली, आणखी सरकवली.

“अठ्ठेचाळीस नऊशे. बाहेर.”

सर म्हणाले, पुन्हा बघा. त्यांनी पुन्हा बघितलं. नऊशे. तासाभरात कमी करून आणा, नाहीतर नाव कापतो, असं ते म्हणाले आणि पुढच्या मुलाला बोलावलं. सर मला कोपऱ्यात घेऊन गेले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. “परवा अठ्ठेचाळीस होतं ना? मग मधे काय खाल्लंस? वहिनींनी दिलं ना काहीतरी? खरं सांग.” मी तुपाचं सांगणार होतो. त्या वेळी मलाही वाटलं की ते तूपच. मी बाबांकडे बघितलं तर ते आमच्यात नव्हतेच. ते त्या काट्यापाशी उभे होते आणि दांडीच्या टोकाला असलेल्या मोकळ्या आकड्याकडे बघत होते. अधिकारी त्यांना म्हणाले, “बाबा, काटा सकाळीच तपासून घेतलाय.” बाबा म्हणाले, “हाव साहेब. काटा बरोबर हाये.”

सरांनी मला घोंगडी गुंडाळली आणि मैदानावर पळायला सोडलं. तोंडात चिंच, पळता पळता थुंकायचं. तिसऱ्या फेरीला बाबा माझ्या बाजूनं पळताना दिसले. एका हातात टोपी, धोतराचा सोगा दुसऱ्या हातात.

“मिल्या, थांब.”

“थांबलो तं घाम वाळते, बाबा.”

“तं पळता पळता आईक. मी चकती काढली नोहती.”

मला लगेच समजलं नाही. दहा पावलं गेल्यावर समजलं. तीन आठवडे रोज मी काट्यावर उभा राहत होतो आणि काटा रोज माझ्यातून एक रिकामं पोतं वजा करत होता. ती चकती त्यांच्या रोजच्या कामाचा इतका भाग होती की ती त्यांना दिसतच नव्हती.

“तुह्या मायचा काई दोष नाई,” बाबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. “सरले मी सांगतो. तू तिचं नाव नको घेऊ.” आणि ते खाली बसले, मैदानाच्या कडेला, टोपी गुडघ्यावर ठेवून.

तास संपायला पाच मिनिटं असताना मी पुन्हा उभा राहिलो. ओठ फाटले होते, तोंडात थुंकी उरली नव्हती. चड्डी काढून मोजायचं ठरलं. अशा वेळी मागून कोणीतरी टॉवेल धरतं, ते काम बाबांना दिलं. मी काट्याकडे जात असताना सर बाबांच्या कानाशी वाकले. मला ऐकू आलं. “नामदेवराव, तुम्हाला सांगायला नको. टॉवेलाच्या आतून एक बोट. कंबरेखालून जरासं वर रेटायचं. फक्त चारशे-पाचशे ग्रॅमचा प्रश्न आहे. पोराचं कॉलेज आहे.” सर वाईट माणूस नव्हते. माझ्यासाठी त्यांनी स्वतःच्या सुट्ट्या घालवल्या होत्या. आणि माझं म्हणाल तर मला ते बोट हवं होतं.

मी चढलो. समोर बघत उभा राहिलो. अधिकारी गुंडी सरकवत होते. बाबांचा हात टॉवेलाआडून माझ्या कंबरेला लागलेला मला कळला. बोटाचं टोक होतं, खरखरीत, सुतळीनं घासलेलं. अर्धा क्षण ते तिथे होतं. किती लावलं की दांडी किती खाली येते हे त्या हॉलमध्ये त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मग ते बोट निघून गेलं.

“अठ्ठेचाळीस चारशे,” अधिकारी म्हणाले.

“बरोबर हाये,” बाबा म्हणाले. “लिहा साहेब.”

सर डोक्याला हात लावून भिंतीशी टेकले. मी टॉवेल गुंडाळून खाली उतरलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, एवढं पळूनही शरीरात तेवढं उरलं होतं. बाबा टेबलाशीच उभे होते. त्यांनी विचारलं, “साहेब, याच्या वरचा गट कोणता?”

“एक्कावन्न. पण त्यात तुमच्या जिल्ह्याचा दुसरा मुलगा असेल.”

दुसरा मुलगा कावीळ होऊन घरी पडला होता. जागा मोकळी होती. सर धावत आले. “नामदेवराव, एक्कावन्नातली पोरं बैल असतात. पंचावन्न-पंचावन्नवरून उतरवून आणलेली. हा त्यांच्यापुढे...”

“मंग हा काई वासरू हाये का, सर? याले जेऊ तं घाला पहिले.”

नाव वर सरकलं. आम्ही हॉलच्या पायऱ्यांवर बसलो आणि बाबांनी गाठोडं सोडलं. मी किती दशम्या खाल्ल्या ते कोणी मोजलं नाही, आमच्यात मोजणारा माणूस असूनही. तुपाची बाटली मी पालथी घातली. बाबा फक्त पुढे ढकलत होते. सर थोडा वेळ रुसून बसले आणि मग त्यांनीही एक घेतली, चटणीला लावली आणि म्हणाले, “आता हरलाच तर निदान उपाशी हरणार नाही.” मी तिथेच पायऱ्यांवर झोपलो, संध्याकाळपर्यंत.

मी आजवर किती मुलांना शिकवलं, आणि प्रत्येकाला ही गोष्ट सांगितली, पण ती खरी वाटत नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मला स्वतःलाही दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये उतरल्यावर ती खरी वाटली नव्हती. आतापर्यंत मी नेहमी उपाशी लढलो होतो आणि तिसऱ्या फेरीत पाय जड होतात हा बॉक्सिंगचा नियमच आहे असं समजत होतो. त्या दिवशी तिसरी फेरी आली आणि पाय तसेच हलके. पहिली लढत जिंकली. दुसऱ्या लढतीतला मुलगा मला खरंच बैलासारखा वाटला, पण बैलाला वळायला वेळ लागतो. अंतिम लढतीला पुण्याकडचा एक उंच मुलगा होता. त्याचे हात एवढे लांब होते की पहिली फेरी मी त्याच्या जवळच पोचू शकलो नाही. डाव्या डोळ्याखाली सुजलं. मधल्या विश्रांतीत सर पाणी मारत म्हणाले, “लांबून भांडू नकोस त्याच्याशी. आत घुस. त्याला वाटतंय तू थकशील. तू थकणार आहेस का?” मी म्हणालो, “नाई.” आणि खरंच नाही. मी आत घुसलो, त्याच्या छातीला डोकं टेकेल इतका, आणि शाळेमागच्या त्या पोत्याला रविवारी मारायचो तसा मारत राहिलो. शेवटच्या मिनिटाला त्याचे हात खाली आले. पाच पंचांपैकी तिघांनी कौल मला दिला, दोघांनी त्याला. सर दोरावरून उडी मारून आत आले आणि पंचांनी त्यांना हाकललं. बाबा खुर्चीत बसून होते. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, “मले समजलंच नाई कोण जितलं. तुह्या हात वर केला तवा वाटलं, दुखून राह्यला असन.”

येताना शेगावला तीन-तीन कचोऱ्या खाल्ल्या. पण बाबांनी पदक हातातही घेतलं नव्हतं. मी बोलत होतो, सर बोलत होते, अर्ध्या डब्याला माझं पदक दाखवून झालं होतं. नांदुरा आलं तेव्हा मी विचारलं, “बाबा, आता तं झालं ना सारं बरोबर?”

“तुह्यं झालं,” ते म्हणाले.

मोताळ्यात बातमी आधीच पोचली होती. दुसऱ्या दिवशी लिलाव आटोपल्यावर अडत्यांनी आणि हमालांनी बाजारातच सत्कार ठेवला. माल घेऊन आलेले शेतकरी पोत्यांवर बसले. मला हार घातला, सरांना नारळ दिला, सुनीता आणि माय बायकांत मागे उभ्या होत्या. माझं भाषण झालं, मी अमरावतीचं सांगितलं. मग कोणीतरी म्हणालं, नामदेव, तू दोन शब्द बोल. बाबा कधी बोलत नसत. ते उठले, टोपी सारखी केली, आणि जिथून रोज वजन पुकारायचे तिथेच जाऊन उभे राहिले.

“पोरानं नाव काढलं, ते तुम्ही पाह्यलं. माह्यं सांगतो. मी याले तीन हप्ते रोज मोजलं, अन् रोज एक किलो कमी सांगतलं. चकती काढाची इसरलो. पोट्टं नागपूरले जाऊन वजनात पडलं. ते माह्यामुळं पडलं. इथं एवढे लोक माह्या काट्यावर भरवसा ठेवते, म्हणून सांगून राह्यलो.”

मला वाटलं, यांना हे आजच सांगायची काय गरज होती. मायनं पदर तोंडाला लावला. मापाऱ्याच्या तोंडून आपली चूक झाल्याचं बाजारात कोणी कधी ऐकलं नव्हतं, आणि पोत्यांवर बसलेली माणसं हळूहळू एकमेकांकडे बघायला लागली. कोणाच्या मनात काय हिशेब चालला होता ते दिसत होतं. पुढच्या ओळीत किसनराव बसले होते, तालुक्यातले सगळ्यात संशयी शेतकरी. दरवेळी आपली पोती दोनदा मोजून घ्यायचे. ते काठी टेकत उठले.

“मंग आमचं किती कमी मोजलं, नामदेव?”

बाबांनी त्यांच्याकडे सरळ बघितलं. “तुमचं बरोबर हाये, किसनराव. तुम्ही पोत्यात माल आणता. चकती पोत्यासाठी हाये. माणसाले पोतं नसते, हे मी इसरलो.”

किसनरावांनी काठी शेजारच्याच्या हातात दिली, वहाणा काढल्या आणि काट्यावर चढले.

“काढ तुही चकती,” ते म्हणाले. “अन् मोज मले. बिगर पोत्याचा.”

बाबांनी आकड्यातून चकती काढून खिशात ठेवली. दांडी थरथरली, थांबली. “त्रेपन्न दोनशे.” किसनराव खाली उतरले, म्हणाले, “पुन्हा मोज.” पुन्हा त्रेपन्न दोनशे. “बरोबर हाये,” किसनराव गर्दीकडे वळून म्हणाले, आणि त्यांच्या मागे आधी एक हमाल उभा राहिला, मग एक अडत्या, मग शेतकरी, मग पोरंटोरं. बायकांतून कोणीतरी मायलाही पुढे ढकललं. ती लाजत चढली आणि बाबांनी तिचं वजन पुकारलं तेव्हा म्हणाली, “हळू सांगा बाप्पा, साऱ्या गावाले काऊन आयकवता?” अंधार पडेपर्यंत बाबा मोजत राहिले. सत्काराचं सगळे विसरून गेले होते. मी गळ्यात हार घालून ओळीत उभा होतो. माझ्यापुढे अजून अकरा माणसं होती.